वेळापत्रकातल्या खालच्या दोन ओळी

डोंबिवलीतल्या आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागाचे वेळापत्रक बारा वर्षे मी तयार केले. ड्रॉइंगचा मोठा कागद, टोकदार पेन्सिल, लाकडी पट्टी आणि खोडरबर एवढे साहित्य मला पुरत असे. प्रत्येक अध्यापकाला एक आडवी ओळ. सर्वांत वर विभागप्रमुखाची, म्हणजे माझी. त्याखाली सेवाज्येष्ठतेनुसार आणखी दोघांच्या, आणि तळाशी दोन कनिष्ठांच्या. तिसऱ्या वर्षाच्या अठरा विद्यार्थ्यांचे तास आम्ही वरचे तिघे घेत असू. पहिल्या वर्षाच्या एकशेवीस मुलांचे तास, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होणारा पहिला तास आणि दुपारची प्रात्यक्षिके खालच्या दोन ओळींत जात. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. मी नोकरीला लागलो तेव्हा मीही तळाच्या ओळीत होतो आणि वरच्या जागा रिकाम्या होत गेल्या तसा वर सरकलो. त्यामुळे त्यात काही वावगे असेल असे माझ्या मनात कधी आले नाही.

सहा वर्षांत त्या खालच्या दोन ओळींतून चार जण सोडून गेले. एक बँकेत गेला, एक आखाती देशात, एक औद्योगिक वसाहतीतल्या रंगांच्या कारखान्यात. आणि एक बाई लग्नानंतर ठाण्याच्या महाविद्यालयात गेल्या. प्रत्येकाचे कारण वेगळे होते, आणि कारणे वेगळी असल्यामुळेच मी निश्चिंत होतो. माणूस गेला की मी कागदावरची त्याची आद्याक्षरे खोडून नव्याची लिहीत असे. तास तेच राहत. वेळापत्रकाचा एक चौकोनही हलला नाही, याचा मला चक्क अभिमान वाटे.

ऐंशीचे दशक संपत आले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात प्राचार्यांनी मला बोलावले. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, हे पाहायला विद्यापीठाची समिती यायची होती. पाच पूर्णवेळ अध्यापक हवेत, अशी अट होती. आमच्याकडे मोजून पाच होते.

"सर, आता एकही गळायला नको," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या विभागातनं माणसं जातात कशी हो? वनस्पतिशास्त्रातनं कुणी जात नाही."

"त्यांना कारखाने बोलवत नाहीत, सर," मी म्हणालो.

"ते राहू द्या. लोक खूश आहेत का, ते एकदा नीट विचारून घ्या."

मी नीट विचारले. म्हणजे माझ्या पद्धतीने. बारा प्रश्नांची एक प्रश्नावली केली. अध्यापनाचा भार, प्रयोगशाळेतील सोयी, सहकाऱ्यांचे वर्तन, वेळापत्रक वगैरे. प्रत्येक प्रश्नापुढे तीन पर्याय होते: पूर्ण समाधानी, समाधानी, असमाधानी. खाली नाव, दिनांक, सही. भरलेला कागद विभागप्रमुखांकडे द्यावा, अशी सूचनाही तळाशी टंकलिखित करून घेतली. दोन दिवसांत चारही कागद परत आले. त्यांत 'असमाधानी' या शब्दापुढे एकही खूण नव्हती. चौथ्या ओळीतल्या तरुण अध्यापकाने तर बाराच्या बारा ठिकाणी 'पूर्ण समाधानी'वर खूण केली होती. मी गोषवारा लिहून प्राचार्यांना दिला.

हे तरुण अध्यापक मोहन्याच्या कामगार वसाहतीत लहानाचे मोठे झालेले. वडील तिथल्या जुन्या कारखान्यात होते. त्यांना पहिली तीन वर्षे जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलमध्ये सेवेत खंड अशी काढावी लागली. कायम होऊन दोन वर्षे झाली होती. बोलणे मोजके, हात अत्यंत स्वच्छ, आणि ब्युरेटच्या मापनळीचे वाचन घेताना मुलगा वाकून बघत असेल तर त्याच्या खांद्यावर नुसते बोट टेकून त्याला सरळ करण्याची एक सवय. त्यांच्यामागे, पाचव्या ओळीत, दिवा स्टेशनहून लोकलने येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे हे दुसरे वर्ष होते.

समिती बुधवारी यायची होती. आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी ते तरुण अध्यापक प्रयोगशाळेतल्या तराजूच्या खोलीत माझ्यामागे आले आणि त्यांनी दार लोटून घेतले.

"सर, एक सांगायचंय. ठाण्याच्या कंपनीत मी इंटरव्ह्यूला गेलेलो. त्यांच्या लॅबमध्ये. झालंय माझं."

मी तराजूची काच बंद केली. "कधी हजर व्हायचंय?"

"ते नंतर. पण शनिवारपर्यंत होकार कळवायचाय, आणि सोबत राजीनाम्याची प्रत. कॉलेजच्या पोचेचा शिक्का असलेली. नाहीतर ते दुसऱ्याला घेणार."

आमच्या कार्यालयात राजीनामा थेट स्वीकारत नसत. विभागप्रमुखाने त्यावर 'पुढील कार्यवाहीसाठी सादर' असे लिहून सही केली, तरच बाहेरच्या खिडकीवर शिक्का बसे. म्हणजे शनिवारी दुपारी कार्यालय बंद होईपर्यंत त्यांची नवी नोकरी माझ्या एका सहीवर अवलंबून होती, आणि ती सही केली तर बुधवारी समितीपुढे आमचा वर्ग उघडा पडणार होता. कारण अध्यापकांच्या यादीखाली 'यांपैकी कोणीही राजीनामा दिलेला नाही' असे मलाच प्रमाणित करायचे होते.

मला राग आला. तो लपवता आला नाही. मी कपाटातून त्यांची प्रश्नावली काढून आणली.

"हे तुम्हीच भरलंयत ना? बारा प्रश्न. बाराही पूर्ण समाधानी. मागच्याच आठवड्यात!"

त्यांनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सर, पेपर तुम्हीच काढलात, तुम्हीच तपासणार होतात. वर माझा गोपनीय अहवालही तुम्हीच लिहिता. मी दुसरं काय लिहिणार?" आणि मग म्हणाले, "तुम्ही प्राचार्यांना असा फॉर्म भरून दिला असतात, तर काय लिहिलं असतंत?"

मी त्यांना वर्गावर जायला सांगितले.

अध्यापक-कक्षात वनस्पतिशास्त्राच्या बाई उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्येष्ठ, आणि कोणालाही काहीही ऐकवण्याचा त्यांचा अधिकार सगळ्यांनी मान्य केलेला. मी त्यांना हकिगत सांगितली.

"अहो, तुमचं वेळापत्रक म्हणजे जन्मपत्रिका आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "एकदा ज्या घरात जो ग्रह बसला, तो बसला. पोरगा पाच वर्षं पहिल्या वर्षाला द्रावण म्हणजे काय तेच शिकवतोय. त्याला कधी विचारलंत, बाबा, तुला काय शिकवायला आवडेल?"

"आम्हाला कोणी विचारलं होतं?"

"नाही ना? मग तुम्ही काय, त्याचा वचपा काढताय?"

त्या दिवशी घरी जाताना मी जुनी वेळापत्रके पिशवीत घालून नेली. विभागप्रमुख झाल्यापासूनची सातही मी जपून ठेवली होती. ती जमिनीवर ओळीने पसरली आणि सोडून गेलेल्या चौघांच्या ओळी तपासत गेलो. बँकेत गेलेल्याला चार वर्षांत तिसऱ्या वर्षाचा एकही तास मिळालेला नव्हता. आखातात गेलेल्यालाही नाही, ठाण्याला गेलेल्या बाईंनाही नाही. कारखान्यात गेलेल्याचा सात दहाचा तास आठवड्यातून सहा दिवस होता, आणि त्यानंतर थेट सव्वाअकराला प्रात्यक्षिक. मधले तीन तास तो काय करत असेल, हा प्रश्न तो कागद आखताना मला पडला नव्हता. चौघांची कारणे वेगळी होती, हे खरेच. परंतु चौघेही एकाच जागेवरून उठून गेले होते.

मग मी टिकलेल्यांचा विचार केला. इथे माझा हिशेब आणखी बिघडला. दुसऱ्या ओळीतल्या सहकाऱ्यांचे घर महाविद्यालयापासून पाच मिनिटांवर होते. ते रोज काही ना काही कुरकुर करत, परंतु त्यांनी अर्ज कधीच कुठे केला नाही. तिसऱ्या ओळीतले निवृत्तिवेतनाची वर्षे मोजत होते. आणि मी? मी समाधानी होतो का, हे मला सांगता आले नसते; मी सवयीने टिकलो होतो. म्हणजे ज्यांनी 'पूर्ण समाधानी' लिहिले ते जात होते आणि ज्यांना समाधान नव्हते ते राहत होते. समाधान असेल तर माणूस राहतो आणि नसेल तर जातो, असे सरळ समीकरण विद्यार्थ्यांना सांगायला सोपे. प्रत्यक्षात जो जाऊ शकतो तो जातो. त्याने राहावे असे वाटत असेल, तर राहण्यासारखे काहीतरी त्याच्या हाती द्यावे लागते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी प्राचार्यांना दोन गोष्टी सांगितल्या: राजीनामा येण्याची शक्यता आहे, आणि मी माझा तिसऱ्या वर्षाचा भौतिक रसायनाचा भाग त्या तरुण अध्यापकांना देऊ इच्छितो. पहिली ऐकून त्यांनी डोळे मिटले. दुसरी ऐकून उघडले.

"बाकीचे दोघे ज्येष्ठ काय म्हणतील? उद्या सगळे विभाग माझ्या दाराशी येतील. नको नको." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "सोपा मार्ग सांगतो. तुम्ही शनिवारी रजा टाका. सही नाही, तर शिक्का नाही. समिती येऊन गेली की गुरुवारी खुशाल करा सही."

"तोपर्यंत त्यांची तिथली जागा जाईल."

"जाईल ना. मग इथेच राहतील. दोघांचंही भलं."

मी 'नाही' म्हणालो नाही, हे नोंदवले पाहिजे. मी 'बघतो' म्हणालो. रजेचा अर्ज लिहिलाही, आणि तीन दिवस तो शर्टाच्या खिशात वागवला.

प्राचार्यांनी नको म्हटले होते, तरी दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी तरुण अध्यापकांना माझ्या टेबलाशी बसवले आणि माझ्या टिपणांची वही त्यांच्यापुढे ठेवली. चौदा वर्षे मी त्याच वहीवरून शिकवत होतो.

"अभिक्रियांचा वेग हा भाग तुम्ही घ्या. शनिवारपासून. आठ वीसचा तास."

त्यांना आनंद झाल्याचे मला स्पष्ट दिसले. ते वही उघडू लागले, मग पुन्हा मिटून म्हणाले, "सर, वही राहू दे. मी माझं काढतो."

"म्हणजे तुम्ही थांबताय?"

"शनिवारी सांगतो, सर."

शनिवारी मी रजा टाकली नाही. परंतु अर्ज खिशातच होता. साडेनऊपर्यंत तो कार्यालयात देता आला असता. आठ वीसला ते वर्गात गेले आणि मी शेजारच्या द्रव्यकोठीत, रसायने ठेवायच्या खोलीत, जाऊन उभा राहिलो. दोन्हींच्या मधल्या भिंतीला वर झरोका होता. त्यांनी सुरुवातीला व्याख्या सांगितली नाही. त्यांनी दोन परीक्षानळ्यांत एकच अभिक्रिया सुरू केली, एक गार पाण्यात ठेवली आणि एक कोमट, आणि विचारले, "कुठली आधी संपेल, हे सगळे सांगाल. पण किती आधी, ते कसं मोजायचं?"

वर्ग गप्प. माझ्या तासाला अशी शांतता झाली की मी अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन टाकत असे. ते थांबले. चांगली दोन मिनिटे थांबले. मग मागच्या बाकावरून एक मुलगी चाचरत म्हणाली, "सर, दर मिनिटाला थोडं थोडं बाहेर काढून बघायचं का?"

"बघायचं. पण बाहेर काढल्यावर ते तिथेच थांबेल का?"

"नाही थांबणार. मग थांबवायला लागेल!" दुसरा कोणीतरी ओरडला, आणि मग चौघेपाच जण एकदम बोलू लागले. चौदा वर्षांत माझ्या वर्गात असा गोंगाट कधी झाला नव्हता. मला त्याचा हेवा वाटला, आणि एक आशाही वाटली. असा तास घेणारा माणूस आता कुठे जाणार?

तास संपल्यावर ते सरळ द्रव्यकोठीत आले. मी तिथे उभा आहे हे त्यांना माहीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अजून तासाची लाली होती. त्यांनी खडूचे हात रुमालाला पुसले आणि पाकिटातून दोन प्रती काढल्या.

"सर, सही हवी आहे."

"आत्ता जे घडलं त्यानंतर?"

"पाच वर्षांतला सगळ्यांत चांगला तास होता, सर. खोटं नाही सांगत." ते खाली बघत म्हणाले. "पण तो मला मी जाणार म्हणून मिळाला. आता समजा मी राहिलो. पुढच्या वेळी काही हवं असेल तर मी काय करायचं? पुन्हा कुठेतरी इंटरव्ह्यूला जायचं?"

मी दोन्ही प्रती हातात घेतल्या.

"आणि सर, आपल्या दिव्याच्या मॅडम. त्या कुठेच जात नाहीयेत. त्यांना काय मिळालं?"

साडेनऊला दहा मिनिटे होती. बाहेर शिपाई घंटेकडे निघालेला दिसत होता. सही करू नये असे मला मनापासून वाटत होते. वर्गाची मान्यता हे कारण माझ्यापाशी होते, आणि ते खोटेही नव्हते. अठरा मुलांचे काय, असे मी विचारू शकलो असतो. परंतु त्या अठरा मुलांना दोन परीक्षानळ्या दाखवणाऱ्या माणसाला पाच वर्षे पहिल्या वर्षाला जुंपून ठेवताना मला त्यांची आठवण झाली नव्हती. आता या माणसाची हाती आलेली नोकरी माझ्या एका रजेने घालवायची, आणि मग तो समाधानाने शिकवील अशी अपेक्षा करायची?

मी दोन्ही प्रतींवर शेरा लिहिला, सही केली, दिनांक घातला. मग त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत गेलो, कारण माझ्या सहीनंतरही कार्यालयाला कोणी थांबवायला सांगितले असण्याची शक्यता होती. तसे सांगितलेले होते. लिपिक घुटमळले.

"सर, साहेब म्हणालेले की..."

"माझी सही आहे. शिक्का मारा. साहेबांना मी भेटतो."

शिक्का बसला. ते प्रत खिशात घालून ठाण्याला निघाले, आणि मी प्राचार्यांच्या दालनात गेलो. ते पाच मिनिटे बोलले, मी ऐकले. शेवटी त्यांनी विचारले, "पाच दिवसांनी काय बिघडत होतं, सर?"

"त्यांची नोकरी," मी म्हणालो. "आणि यादीखाली मला खोटं लिहावं लागलं असतं."

सोमवारी मी पाचव्या ओळीतल्या बाईंना बोलावले आणि सांगितले की तिसऱ्या वर्षाचे ते तास आजपासून तुम्ही घ्या. त्यांचा चेहरा उतरला.

"सर, मी कुठेही अर्ज केलेला नाही! कुणी काही सांगितलं का तुम्हाला?"

त्यांची समजूत घालायला मला बराच वेळ लागला. तास मिळतो तो जाणाऱ्याला, हे दोन दिवसांत साऱ्या इमारतीला समजले होते. मग मी, कागद-पेन्सिल बाजूला ठेवून, त्यांना विचारले की तुम्हाला इथे सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो. त्या गप्प राहिल्या. मला परवाचा वर्ग आठवला, आणि मीही गप्प राहिलो. दोन मिनिटे खरोखरच फार मोठी असतात.

"सात दहाचा तास," त्या अखेर म्हणाल्या. "दिव्याला आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं, सर, अर्धा तास. मी तेव्हा गाडीत असते. सासूबाई खालून कळशा चढवतात, त्यांचे गुडघे दुखतात. रोज संध्याकाळी घरात तोच विषय."

"दीड वर्षात बोलला नाहीत?"

"प्रश्नावलीत पाण्याचा प्रश्न नव्हता, सर." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्या घाबरून हसल्या.

बुधवारी समिती आली. यादीत मी चार नावे लिहिली आणि पाचव्यापुढे राजीनाम्याची तारीख. समितीचे अध्यक्ष जाड भिंगांतून यादी वाचत राहिले. प्राचार्य माझ्याकडे पाहत नव्हते.

"अभिक्रियांचा वेग कोण शिकवतं?" अध्यक्षांनी विचारले.

"मी," बाई म्हणाल्या. "परवापासून."

"परवापासून?" अध्यक्षांनी चष्मा काढला. "आणि विभागप्रमुख काय शिकवतात मग?"

"पहिलं वर्ष," मी म्हणालो. "सकाळी सात दहाचा तास. द्रावणं."

त्यांना ती थट्टा वाटली असावी, ते हसले. मग कोणीच हसत नाही हे पाहून त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि कागदावर बराच वेळ काही लिहिले. वर्गाची मान्यता एका वर्षासाठी मिळाली. जूनपर्यंत रिकामी जागा भरावी, आणि नेमलेला अध्यापक पुढच्या वर्षीही जागेवर असावा, अशी अट त्यांनी घातली. अटीचा पहिला अर्धा भाग प्राचार्यांनी पूर्ण करायचा होता. दुसऱ्यावर बोट ठेवून त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला.